लेझरचा नेम आणि मे महिन्यातली दुपार

गच्चीवर एक जण अँटेना फिरवतोय, खालून दुसरा ओरडतोय, "आलं, आलं... गेलं!" दूरदर्शनच्या काळात हा खेळ खेळलेल्यांना लेझरच्या दुव्याची निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे. इथे केबल नसते. दोन उंच ठिकाणांमधल्या उघड्या हवेतून प्रकाशकिरण माहिती नेतो. लोकांना वाटतं, किरण सरळ जातो, तेव्हा एकदा नेम धरून नटबोल्ट आवळले की काम संपलं.

संपत नाही. नेम अंशाच्या शंभराव्या भागाने ढळला, तरी पाच किलोमीटरवर किरण सुमारे 87 सेंटिमीटर बाजूला पडतो. ढळायला भूकंपही लागत नाही. सकाळी उन्हाने टॉवरची पूर्वेची बाजू तापते, पोलाद प्रसरण पावतं आणि टॉवर किंचित पश्चिमेला कलतो, संध्याकाळी उलट. त्यात जालन्यासारख्या तापणाऱ्या शहरातला मे महिना. डांबरी रस्त्यावर मृगजळ दाखवते तीच तापलेली हवा किरणालाही वाकवते, थरथरवते.

म्हणून यंत्रच अखंड नेम धरत राहतं. समोरून आलेला प्रकाश चार कप्प्यांच्या संवेदकावर पडतो. एका कप्प्यात उजेड जास्त झाला, की छोटा आरसा क्षणार्धात कलतो आणि ठिपका पुन्हा मध्यावर आणतो. शिवाय किरण मुद्दाम थोडा पसरट ठेवतात. 2021 मध्ये 'तारा' या लेझर-दुव्यांच्या प्रकल्पाने काँगो नदीवरून ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरं अशीच जोडली. अंतर जवळपास पाच किलोमीटर.

"पाऊस आला की बंद," हेही अर्धवट खरं. जोरदार पाऊस त्रास देतो, पण खरा वैरी धुकं. त्याचे असंख्य बारीक थेंब प्रकाश चहूकडे विखरून टाकतात. तिथे अचूक नेमही कामाचा नाही. पक्षी आडवा गेला तर? क्षणभर तुटतं, हरवलेली माहिती पुन्हा पाठवली जाते.

आणि हा लेझर म्हणजे रेडिओ लहर नव्हे. उपग्रहांच्या रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणारं केंद्र सरकारचं भूकेंद्र जालन्यातच आहे, पण त्याच्या अँटेनाला हा प्रकाश जाणवणारही नाही. रेडिओची हद्द 3,000 गिगाहर्ट्झला संपते. हा अवरक्त लेझर साधारण 1,93,000 गिगाहर्ट्झचा.

तेव्हा असा दुवा विकणाऱ्या कुणी ऑक्टोबरच्या निरभ्र सकाळी प्रात्यक्षिक दाखवलं, तर लगेच करारावर सही करू नका. मे महिन्यातली दुपार आणि धुक्याची एक पहाट, दोन्ही वेळची नोंद मागा.