मालक नसलेलं जाळं: टॉरेंटविषयीचे गैरसमज

‘टॉरेंट म्हणजे चोरीचा सिनेमा’ हा समज आधी बाजूला ठेवू. ब्रॅम कोहेनने 2001 मध्ये आणलेलं बिटटॉरेंट हे मोठ्या फाइली वाटण्याचं तंत्र आहे. डेबियन, उबुंटूसारख्या मोफत प्रणाली आजही त्यावरून अधिकृतपणे मिळतात. चोरीचा सिनेमा कुठल्याही वाटेने आला तरी चोरीचाच.

दुसरा समज जास्त रंजक: सर्व्हर नाही, तरी संगणक एकमेकांना आपोआप सापडतात. आपोआप काही होत नसतं. 1999 च्या नॅपस्टरवर गाणी थेट एकाकडून दुसऱ्याकडे जात, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. 2001 मध्ये न्यायालयाचे आदेश आले, यादी बंद झाली आणि सगळंच थांबलं. मग यादीच सगळ्यांत वाटून टाकायची युक्ती पुढे आली. पेतार मायमुंकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी 2002 मध्ये मांडलेली ‘कादेम्लिया’ ही तशी पद्धत. बिटटॉरेंटने ती 2005 मध्ये उचलली. प्रत्येक संगणकाला 160 बिटांचा क्रमांक, फाइलीलाही तसाच. ज्यांचे क्रमांक फाइलीच्या क्रमांकाला सर्वांत जवळचे, त्यांनी तिचे पत्ते सांभाळायचे. आपला संगणक ओळखीतल्यांना विचारतो, ते आणखी जवळच्यांकडे बोट दाखवतात. दर फेरीत अंतर साधारण निम्मं होत जातं, म्हणून दहा लाख संगणकांतही वीसेक फेऱ्यांच्या आत पत्ता लागतो. हे अंतर नुसतं आकड्यांतलं. नाशिकच्या लॅपटॉपचा ‘शेजारी’ ब्राझीलमध्येही असू शकतो.

तरी पहिली ओळख कोणीतरी करून द्यावीच लागते. त्यासाठी प्रोग्रामात काही ठरावीक पत्ते आधीच लिहिलेले असतात. ‘सर्व्हर अजिबात नाही’ हा दावा तेवढ्यापुरता फुगवलेलाच.

अनोळखी लोकांकडून तुकडे घेतले तर फाइल बिघडेल, ही भीती मात्र फारशी खरी नाही. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला आकडा, तपासला जातो. जुळला नाही तर तुकडा टाकून दिला जातो. पण मूळ फाइलीतच व्हायरस असेल, तर हॅश तो व्हायरसही इमानेइतबारे जसाच्या तसा पोहोचवतो.

सर्वांत महागात पडणारा समज वेगळाच: मध्ये कोणी नाही, म्हणजे आपल्याला कोणी पाहत नाही. प्रकार नेमका उलटा. एरवी आपला आयपी ॲड्रेस समोरच्या एका संकेतस्थळाला कळतो. इथे तो त्या फाइलीची देवाणघेवाण करणाऱ्या कोणालाही दिसू शकतो. हक्कधारकांनी नेमलेले पाळतदारही त्याच गर्दीत शिरतात, त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. शिवाय डाउनलोड चालू असतानाच हाती आलेले तुकडे आपण बहुधा इतरांना अपलोडही करत असतो. ‘मी फक्त घेतलं, कोणाला दिलं नाही’ असं म्हणायला मग जागाच उरत नाही.