गावाने म्हटलं ‘हो’... आणि मग?

बंद कारखान्याच्या जागेवर मालगाड्यांचं यार्ड येणार म्हटलं की लोक खूश होतात. का होऊ नयेत? पण ‘हो’ म्हणताना काय विचारायचं राहून जातं, ते शिकागोजवळच्या एलवूडने पाहिलंय.

ऑनलाइन मागवलेला मोबाइल दुसऱ्या दिवशी दारात हजर होतो. तो आला कुठून, असा प्रश्न आपल्याला पडतो का कधी? फार तर ट्रॅकिंगमध्ये ‘भिवंडी’ दिसतं आणि आपण पुढच्या कामाला लागतो.

अमेरिकेतली अशीच एक ‘भिवंडी’ मी पाहून आले. नाव एलवूड. शिकागोपासून गाडीने तासाभरावर, विल काउंटीत. वस्ती जेमतेम सव्वादोन हजार. माझा मावसभाऊ नेपरविलला राहतो. तिथे आता मराठी कुटुंबं बरीच आहेत. शिकागोला येऊन लेक मिशिगनऐवजी मला गोदामं बघायचीत, हे त्याला पटायला वेळ लागला. तरी शनिवारी सकाळी बिचाऱ्याने गाडी काढली.

रूट ५३ वर लागलो आणि पुढे ट्रक, मागे ट्रक! रस्त्याच्या आसपास एकीकडे मैलोन् मैल गवताळ रान, तर दुसरीकडे खिडक्या नसलेली लांबच लांब गोदामं. गंमत म्हणजे हे रान आणि ही गोदामं, दोन्हींचा सातबारा एकेकाळी एकच होता.

आधी दारूगोळा, मग शुकशुकाट

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकन लष्कराने इथली सुमारे ३६ हजार एकर जमीन घेतली आणि दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभारला. इथे टीएनटी बनायचं, बॉम्ब भरले जायचे. युद्धाच्या ऐन भरात दहा हजारांवर माणसं कामाला होती. ५ जून १९४२ ला इथे झालेल्या स्फोटात ४८ कामगार गेले. १९७० च्या दशकात उत्पादन थांबलं. पाठोपाठ शेजारच्या जोलिएट शहरातले मोठे कारखानेही आटत गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे दर चार कामकरी माणसांमागे एक बेकार होता.

१९९६ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून या जमिनीची वाटणी केली. सुमारे १९ हजार एकर ‘मिडेविन’ या संरक्षित गवताळ प्रदेशाला (तिथे २०१५ मध्ये गवे आणून सोडले), ९८२ एकर सैनिकांच्या राष्ट्रीय स्मशानभूमीला, ४५५ एकर काउंटीच्या कचरा डेपोला आणि सुमारे तीन हजार एकर उद्योगांना. उद्योगांच्या या वाट्यातूनच सेंटरपॉइंट कंपनीचा लॉजिस्टिक्स पार्क आणि बीएनएसएफ रेल्वेचं कंटेनर यार्ड उभं राहिलं. यार्ड सुरू झालं २००२ मध्ये.

लोकांनी ‘हो’ का म्हटलं?

मला तर वाटतं, तेव्हा मी तिथे असते तर मीही हात वर केला असता. तुम्हीच बघा ना. टीएनटीने नासलेल्या मातीत ना शेती होणार, ना घरं. अमेरिकेच्या सगळ्या मोठ्या रेल्वे कंपन्या शिकागोला येऊन भेटतात, पण शहरातली जुनी यार्डं गच्च भरलेली. लॉस एंजलिसच्या बंदरातून निघालेली डबल-स्टॅक कंटेनर गाडी एका फेरीत शेकडो ट्रकचं काम करते आणि तेवढ्याच मालाला डिझेल बरंच कमी जाळते. म्हणजे पडीक जागा वापरात, हवा तुलनेने स्वच्छ आणि वर नोकऱ्या! बेकारीने पोळलेल्या भागाने याला विरोध का करावा?

पण यात एक मेख आहे. मालगाडी देशाच्या हायवेवरचे ट्रक कमी करते. मात्र गाडी जिथे रिकामी होते, तिथून प्रत्येक कंटेनर ट्रकवरच चढतो. देशभरातून वाचलेले ट्रक एका गावाच्या वेशीवर गोळा होतात, आणि ते गाव म्हणजे एलवूड.

हिशेब कुठे फसला?

सगळ्यात आधी रस्त्यांचा. यार्ड २००२ मध्ये आलं, २०१० मध्ये जोलिएटला युनियन पॅसिफिकचं दुसरं यार्ड आलं. ट्रकना इंटरस्टेट ८० वरून थेट यार्डांकडे नेणारा हूबोल्ट रोडचा टोल पूल सुरू झाला २०२३ मध्ये! मधली २१ वर्षं ट्रकनी गावातले आणि शेतातले रस्ते वापरले.

मग नोकऱ्यांचा. नोकऱ्या आल्या, हजारोंनी आल्या. पण गोदामातल्या कित्येक जागा ब्रँडच्या पगारपत्रकावर नव्हत्याच. काम मोठ्या कंपनीचं, गोदाम चालवणारी दुसरी कंपनी, माणसं पुरवणारी तिसरी एजन्सी. २०१२ मध्ये एलवूडच्या वॉलमार्ट गोदामात अशाच कंत्राटी कामगारांनी तीन आठवडे संप केला. आयटीत ‘काँट्रॅक्टवर’ असलेल्यांना ही साखळी वेगळी समजावून सांगायला नको!

आणि तिसरा, करांचा. एलवूडमध्ये ‘टिफ’ नावाची योजना लावली होती. विकासामुळे जमिनीची किंमत वाढते, त्यावरचा वाढीव कर शाळा आणि पंचायतीच्या तिजोरीत जाण्याऐवजी बरीच वर्षं त्याच प्रकल्पाच्या खर्चाकडे वळतो. खड्डे आज, कर नंतर!

दुसऱ्यांदा मात्र...

म्हणूनच २०१७ मध्ये नॉर्थपॉइंट या कंपनीने शेजारी दोन हजारांहून जास्त एकरांवर आणखी एक बिझनेस पार्क मांडला, तेव्हा तेच एलवूड उसळून उठलं. सुनावण्यांना तुफान गर्दी झाली, घरोघरी अंगणात ‘नॉर्थपॉइंटला नाही म्हणा’चे फलक लागले. एलवूडमध्ये डाळ शिजली नाही.

मग कंपनी जोलिएटकडे वळली. तिथे बांधकाम कामगारांच्या युनियन प्रकल्पाच्या बाजूने उभ्या राहिल्या. आणि का नाही राहणार? काही वर्षांचं पक्कं, युनियनच्या दराचं काम समोर होतं. कोर्टकचेऱ्या झाल्या, आराखडा बदलला आणि डिसेंबर २०२१ मध्ये जोलिएटच्या नगर परिषदेने सुधारित प्रस्ताव मंजूर केला. यावेळी आराखड्यात एक गोष्ट आधीपासून होती. ट्रक रूट ५३ वर न येता वरूनच यार्डाकडे जातील, असा पूल. एलवूडच्या कटकटीतून आलेलं शहाणपण, दुसरं काय?

आपल्याकडे आलं तर?

एलवूडने पहिल्यांदा ‘हो’ म्हटलं ते चुकलं, असं मला वाटत नाही. यार्ड हवंच होतं. चुकलं ते अटींमध्ये. एकदा सही झाली की गावाच्या हातात फार काही उरत नाही. विल काउंटी आज स्वतःला उत्तर अमेरिकेतलं सर्वांत मोठं इनलँड पोर्ट म्हणवते. तरी एलवूडकर रस्त्यावर ट्रकच मोजतोय.

वीकेंडला मुंबई-नाशिक हायवेवर भिवंडीजवळ अडकल्यावर आपणही कंटेनरना शिव्या घालतोच की! तर उद्या तुमच्या गावच्या बंद मिलच्या जागेवर असा प्रस्ताव आला, तर पाठिंबा जरूर द्या. पण जनसुनावणीला जा आणि चार गोष्टी विचारा. ट्रकचा रस्ता यार्डाआधी होणार की नंतर? नोकऱ्या किती, आणि त्यातल्या कंपनीच्या स्वतःच्या किती? करातली सूट नेमकी कुठल्या साली संपणार? आणि हे सगळं करारात लिहिलंय की फक्त प्रेझेंटेशनमध्ये आहे?

शेवटच्या प्रश्नाला समोरचा नुसता हसला, तर सही करायची घाई नको.