भ्रमणध्वनी आणि रुग्णसेवा : आफ्रिकेतील काही प्रयोग व आपला अनुभव

गतवर्षीच्या अहवालात याच पृष्ठांवर मी मोठ्या समाधानाने नमूद केले होते की, रक्तदाब व मधुमेहाच्या आपल्या नियमित रुग्णांना दरमहा मोबाईलवर स्मरणसंदेश पाठविण्याची सोय रुग्णालयाने सुरू केली आहे. पाठविलेल्या संदेशांची एकूण संख्याही तेथे दिली होती. ती संख्या अचूक होती. देयकांशी ताडून पाहिलेली होती. परंतु तिच्यावरून आपण जो अर्थ काढला तो बरोबर नव्हता, हे या वर्षी ध्यानात आले. त्याचा खुलासा देणगीदार, विश्वस्त मंडळ आणि रुग्णांचे आप्त यांच्यासमोर करणे मी माझे कर्तव्य समजतो.

अहवाल वर्षातील पावसाळ्यात एक वयोवृद्ध गृहस्थ अर्धांगवायूचा झटका येऊन आपल्याकडे दाखल झाले. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून अठरा दिवस झाले होते. या काळात आपला स्मरणसंदेश त्यांच्या घरी वेळेवर पोहोचला होता. तो सुनेच्या मोबाईलवर येत असे, कारण दिवसा घरी असणारा तेवढा एकच मोबाईल. दाखल करतेवेळी कागदांवर सही करताना त्या म्हणाल्या, "साहेब, निरोप आला होता. गावातल्या दुकानात त्या गोळ्या नव्हत्या, म्हणून मी लगेच तसं उत्तर पाठवायला गेले. पण ते जातच नाही."

खरोखरच जात नव्हते. आपण घेतलेली सेवा केवळ संदेश पाठविणारी होती. उत्तर स्वीकारण्याची व्यवस्था तिच्यात नव्हतीच. आणि सेवा घेताना तसा प्रश्न विचारण्याचे मला सुचले नाही. दर संदेशामागे किती पैसे पडतात, एवढेच मी विचारले होते. गोळ्या चालू असत्या तर झटका आलाच नसता, असे आपले वैद्यकीय अधिकारी ठामपणे म्हणत नाहीत. धोका मात्र कमी राहिला असता, असे म्हणतात. ते गृहस्थ आता काठीच्या आधाराने चालतात. उजव्या हातात अजून पुरेसे बळ आलेले नाही.

या प्रसंगानंतर आपल्यासारख्याच, किंबहुना आपल्याहून तुटपुंज्या साधनांच्या देशांत हे काम कसे झाले, याची माहिती मी मिळवून वाचली. त्यातील केनियाचा प्रयोग प्रथम सांगितला पाहिजे. मोबाईलवरून पैसे पाठविण्याची एम-पेसा ही सेवा त्या देशात २००७ साली सुरू झाली. त्याच वर्षी तेथील तीन दवाखान्यांत एचआयव्हीबाधित रुग्णांसाठी एक चाचणी हाती घेण्यात आली. या रुग्णांना औषध आयुष्यभर रोज घ्यावे लागते. त्यात खंड पडू लागला की विषाणू डोके वर काढतो आणि पुढे तेच औषध त्याला दाद देईनासे होते. चाचणीत ५३८ रुग्ण होते. त्यांपैकी २७३ जणांना नेहमीच्या उपचाराखेरीज दर आठवड्याला एक लघुसंदेश जाई. त्यात एकच स्वाहिली शब्द असे, "मांबो?" आपल्या भाषेत सांगायचे तर "कसं काय?" ना रोगाचे नाव, ना औषधाचे. घरातील वा शेजारचा मोबाईल वापरणाऱ्या रुग्णाचे गुपित त्यामुळे उघडे पडत नसे. रुग्णाने ४८ तासांच्या आत "सावा", म्हणजे ठीक आहे, किंवा "शिदा", म्हणजे अडचण आहे, असे कळवावयाचे. जो अडचण कळवी त्याला, आणि जो काहीच कळवीत नसे त्यालाही, दवाखान्यातून दूरध्वनी जाई.

वर्षाअखेर, संदेश मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के रुग्णांनी औषध जवळजवळ न चुकता घेतल्याचे सांगितले. इतरांत हे प्रमाण ५० टक्के होते. रुग्णाच्या सांगण्यावर विसंबू नये असे कोणी म्हणेल, म्हणून रक्तही तपासले गेले. विषाणू आटोक्यात असलेले रुग्ण संदेशाच्या गटात ५७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४८ टक्के आढळले. हे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आता थोडा हिशेब. एका संदेशाला सुमारे पाच अमेरिकी सेंट पडत. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे दर रुग्णामागे २ डॉलर ६० सेंट झाले. अशा ११ रुग्णांमागे एका अधिक रुग्णाचा विषाणू आटोक्यात आला, असे संशोधकांचे गणित आहे. म्हणजे त्या एका रुग्णासाठी संदेशांपोटी २९ डॉलरही लागले नाहीत. इतका स्वस्त उपाय पाहून कोणाही हिशेबनिसाला हर्ष होईल, मलाही झाला. मात्र या आकड्यात दूरध्वनी करणाऱ्या परिचारिकेचा वेळ धरलेला नाही, हे दुसऱ्या वाचनात लक्षात आले. खरा खर्च तेथे आहे.

दुसरा प्रयोग टांझानियाचा. तो रुग्णांशी नव्हे, तर औषधाच्या कपाटाशी संबंधित असल्यामुळे आमच्या भांडारपालांना विशेष भावला. हिवतापाचे औषध जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध असते, शेजारच्या केंद्रात जादाही पडून असते, पण ज्या केंद्रात तापाने फणफणलेले मूल आणले जाते नेमके तेथेच नसते; ही व्यथा आपल्याकडील आरोग्य केंद्रांत काम केलेल्यांना वेगळी सांगायला नको. 'एसएमएस फॉर लाइफ' या नावाने २००९-१० मध्ये तीन जिल्ह्यांतील १२९ आरोग्य केंद्रांत २१ आठवडे एक साधी पद्धत राबविण्यात आली. दर गुरुवारी केंद्रातील कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाईलवर शिल्लक साठ्याची विचारणा होई. तो हिवतापाच्या संयुक्त औषधाच्या चार प्रकारच्या पाकिटांची आणि क्विनीनच्या इंजेक्शनांची मोजणी करून आकडे कळवी. उत्तर पाठविण्यास त्याला खर्च नसे; उलट वेळेत कळविल्यास मोबाईलमध्ये थोडे पैसे जमा होत. (बक्षीस लहान, पण वेळेवर. आस्थापना विभागाने नोंद घ्यावी असे मला वाटले.) सरासरी ९५ टक्के केंद्रे उत्तर देत. प्रारंभी ७८ टक्के केंद्रांत यांपैकी किमान एक औषध संपलेले होते. एकविसाव्या आठवड्यात हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले. लिंडी ग्रामीण जिल्ह्यात तर आठव्या आठवड्यापासून तुटवडा जवळपास नाहीसा झाला.

औषध संदेशातून निर्माण झाले नाही, हे उघड आहे. साठ्याचे आकडे जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी पाहत आणि औषध एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवीत. ते आकडे पाहिलेच गेले नसते, तर गुरुवारची मोजणी हे कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक लेखी काम ठरले असते.

सर्वच प्रयोग यशस्वी झाले असे नाही. कॅमेरूनची राजधानी याउंदे येथे २०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत एचआयव्हीबाधितांना दर आठवड्याला उमेद देणारे संदेश पाठविण्यात आले. मात्र त्यांना उत्तर मागितले जात नव्हते. औषध घेण्याच्या नियमितपणात लक्षणीय फरक पडला नाही, असे २०१२ साली जाहीर झाले. आपली जुनी योजना याच जातकुळीतील होती. पण उत्तराची सोय केली म्हणजे झाले, असेही नाही. नैरोबीतील किबेरा या दाट वस्तीत "मांबो?"चीच पद्धत पुढे ७०० रुग्णांवर योजण्यात आली. उपचाराच्या पहिल्या वर्षात रुग्ण दवाखान्याशी बांधलेले राहतात काय, हे पाहावयाचे होते. २०१८ साली निष्कर्ष आला, तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. दवाखाना सोडून जाणाऱ्याची अडचण संदेशाने सुटण्याजोगी असतेच असे नाही, असा माझा तर्क आहे. ती भाड्याची, मजुरीची, स्थलांतराचीही असू शकते.

आपल्या देशातही क्षयरोगासाठी '९९डॉट्स' ही युक्ती वापरली गेली. गोळी पाकिटातून बाहेर काढली की मागे दडलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो, आणि त्यावर रुग्णाने विनाशुल्क कॉल करावयाचा. कॉलवरून गोळी पाकिटातून निघाली एवढे कळते. पोटात गेली की नाही, हे अखेर जाऊन विचारावे लागते.

या सर्व वाचनानंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने आपण पुढील बदल केले आहेत. जुनी सेवा बंद केली. नवा संदेश मराठीत आहे, त्यात आजाराचा उल्लेख नाही, आणि तो ज्या क्रमांकावरून जातो त्यावर उत्तर येते. उत्तर लिहिता न येणाऱ्याने नुसता मिस्ड कॉल दिला तरी चालतो. बाह्यरुग्ण विभागातील एक अनुभवी परिचारिका रोज सकाळी १० ते दुपारी १ या वेळात केवळ ही उत्तरे पाहते व उलट दूरध्वनी करते. दोन दिवस उत्तर न देणाऱ्यांची यादी तिच्याकडे वेगळी असते. गोळ्या गावात मिळत नसतील, तर आपल्या औषधालयातून त्या बाजूला जाणाऱ्या एस.टी.ने किंवा ओळखीच्या माणसाबरोबर पाठविण्याचा प्रयत्न होतो. पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक उत्तरे औषधाविषयी नव्हती. डॉक्टर कोणत्या वारी भेटतात, याविषयी होती. तीही उपयोगाची ठरली, कारण दारावरील वेळापत्रक जुने होते.

या कामी संगणक व मोबाईल यांवर झालेला खर्च अल्प आहे आणि तो चालू निधीतून भागला. परिचारिकेचे वेतन मात्र दरमहा द्यावयाचे आहे. आपल्या देणगीदारांनी आजवर क्ष-किरण यंत्र दिले, रुग्णवाहिका दिली, वातानुकूलित कक्ष दिला, आणि त्या त्या ठिकाणी त्यांच्या पूज्य मातापित्यांच्या नावाच्या पाट्या आपण आदराने लावल्या. वेतनावर पाटी लावता येत नाही, ही आमची अडचण आहे. तथापि सोबतच्या जमाखर्चात "रुग्णसंपर्क परिचारिका" हे नवीन खाते उघडले असून, त्यात तूर्त सहा महिन्यांपुरतीच तरतूद झाली आहे. ज्यांना या खात्यास साहाय्य करावयाचे असेल, त्यांनी धनादेशाच्या मागे तसे लिहावे, म्हणजे रक्कम अन्यत्र वर्ग होणार नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती की, उत्तराचा क्रमांक आता प्रत्येक केसपेपरवर उजव्या कोपऱ्यात छापलेला आहे. घरातील मोबाईल बदलल्यास नवा क्रमांक नोंदणी खिडकीवर अवश्य कळवावा.