शिसे मुरलेल्या मातीतील गवत

खाण बंद पडली की हिशेबाच्या वह्या मिटतात. तिच्या तोंडाशी रचलेले ढिगारे मात्र मागे उरतात. वेल्समधील गोगिनान येथील शिशाच्या खाणीचे असेच झाले. शिसे व जस्त मुरलेल्या त्या मातीत साधे गवत तग धरीत नसे. तरीही मधूनमधून एक बारीक गवत हिरवे दिसे. अँथनी ब्रॅडशॉ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचा शोध घेतला. खाणीवरचे आणि कुरणातले, एकाच जातीचे गवत त्यांनी खाणीच्या मातीत लावून पाहिले. कुरणातले मेले, खाणीवरचे वाढले. १९५२ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले.

कुरणाच्या बियाण्यात विष सोसणारी रोपे क्वचितच निघतात. ढिगाऱ्यावर तेवढीच जगतात आणि त्यांचाच वंश पसरतो. पुढे अशा निवडीतून बियाण्याचे तीन वाण बाजारात आले : शिसे-जस्ताच्या आम्ल मातीसाठी ‘गोगिनान’, चुनखडीयुक्त मातीसाठी ‘मर्लिन’ आणि तांब्याच्या ढिगाऱ्यांसाठी ‘पॅरिस’. (हे नाव अँग्लसी बेटावरील तांब्याच्या डोंगराचे, फ्रान्सच्या राजधानीशी त्याचा संबंध नाही.)

हे गवत माती शुद्ध करते, असा समज सहज होतो. व्यापाऱ्याच्या नजरेने आकडेमोड करून पाहावी. एक हेक्टर जमिनीचा वरचा २० सेंटिमीटर थर सुमारे २,६०० टन भरतो. त्यात शिसे १ टक्का धरले, तर २६ टन. वर्षाला ५ टन वाळले गवत निघाले आणि त्यात ०.१ टक्का शिसे आले, असे उदारपणे मानले तरी वसुली ५ किलोची. म्हणजे फेड व्हायला ५,२०० वर्षे! प्रत्यक्षात शिसे बहुतांशी मुळांतच अडकते, पात्यांत फारसे चढत नाही.

तेव्हा या गवताकडून वसुलीची अपेक्षा करू नये. त्याचे काम राखणदारीचे. मुळे माती धरून ठेवतात, धूळ उडत नाही, पावसाबरोबर विषारी गाळ ओढ्यात उतरत नाही. खालच्या गावाला आणि नदीतल्या माशांना हवे असते तेही एवढेच.

मात्र राखणदारालाही पगार लागतो. अशा ढिगाऱ्यांत नत्र व स्फुरद नावालाच असते. एकदा पेरून पाठ फिरवली तर गवत विरळ होऊन माती पुन्हा उघडी पडते. खत अधूनमधून द्यावेच लागते. आणि ढिगारा हिरवा दिसू लागला की गुरे तिकडे वळतात. पात्यांवर बसलेली शिशाची धूळ चाऱ्यावाटे त्यांच्या पोटात जाते. म्हणून बियाण्याच्या खर्चाशेजारी कुंपणाचा खर्चही पहिल्या दिवसापासून मांडावा लागतो.