‘ऑल-इन’ म्हणजे काय हो, ताई?



गेल्या महिन्यात गटाची बैठक संपली आणि एक जण मागे रेंगाळली. चपला पायात सरकवता सरकवता म्हणाली, “ताई, एक विचारू? आमचा पोरगा रात्री अंथरुणात पडून फोनवर मित्राशी बोलत असतो. ‘फ्लॉपलाच फोल्ड करायला हवं होतं’, ‘रिव्हरला मेलो’, ‘ऑल-इन गेलो’. मला वाटायचं कॉलेजच्या अभ्यासाचं काही असेल. परवा पासबुक भरून आणलं, तेव्हा कळलं की अभ्यासाचं नाही.” मग हळूच विचारलं, “हे ऑल-इन म्हणजे काय हो? घरदार लावलं की काय त्यानं?”

तिचं नाव मी सांगणार नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसाठी देते, कारण असं बोलणं कानावर पडणारी ती काही एकटी नसणार.

ही भाषा पोकरची आहे. पोकर म्हणजे पत्त्यांचा खेळ, मूळ अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहरात आणि मिसिसिपी नदीतून चालणाऱ्या वाफेच्या बोटींवर तो रुजला. आधी वीसच पानांत खेळत, पुढे बावन्न पानांचा पूर्ण जोड आला. आज बहुतेक ठिकाणी खेळतात तो त्यातला ‘टेक्सास होल्डेम’ नावाचा प्रकार.

पत्ते आपल्याला काही नवे नाहीत. मेंढीकोट, बदाम सात, झब्बू हे लग्नघरात, उन्हाळ्याच्या दुपारी आपणही खेळलोय. पण त्या खेळांत आपण पानावर पान टाकतो. पोकरमध्ये तसं नाही. तिथं पानं हातातच राहतात आणि टाकायचे असतात ते पैसे. एवढं ध्यानात घेतलं की पुढचे शब्द सोपे जातात.

समजा सहा जणी गोल करून बसल्या. पानं वाटायच्या आधीच दोघींनी ठरलेली रक्कम मध्ये टाकायची. एकीनं लहान, दुसरीनं तिच्या दुप्पट. याला ‘ब्लाइंड’ म्हणतात. आपल्याकडच्या तीन पत्तीतही ‘ब्लाइंड’ आहे, पण तिथं त्याचा अर्थ पानं न बघता खेळणं असा होतो. पोकरमधला ब्लाइंड सक्तीचा. पाळी आली की द्यायचाच, आणि पाळी फिरत राहते. म्हणजे नुसतं बसून राहिलं तरी पैसे हळूहळू जातातच.

मग प्रत्येकीला दोन-दोन पानं झाकून मिळतात. पाळी आली की बोलायचं. आधीच्या बाईनं लावले तेवढेच लावले तर ‘कॉल’. त्याहून वाढवले तर ‘रेज’. पानं टाकून डाव सोडला तर ‘फोल्ड’, तीन पत्तीवाले ज्याला ‘पॅक’ म्हणतात तेच. कुणीच काही लावलेलं नसलं तर पैसे न घालता पाळी पुढं सरकवता येते, ते ‘चेक’. मध्ये साठत जाणारा ढीग म्हणजे ‘पॉट’.

त्यानंतर सगळ्यांच्या मध्ये तीन पानं उघडी मांडतात, ती सगळ्यांच्या सामाईक मालकीची. हा ‘फ्लॉप’. पुन्हा पैसे. मग चौथं पान, ‘टर्न’. पुन्हा पैसे. मग पाचवं आणि शेवटचं, ‘रिव्हर’. पुन्हा पैसे. स्वतःची दोन आणि मधली पाच, अशा सातांतून जिची पाच पानं सगळ्यांत भारी, तिचा पॉट. पोरगा ‘रिव्हरला मेलो’ म्हणतो तेव्हा शेवटचं पान उलटेपर्यंत तो पुढं होता आणि त्या पानानं समोरच्याचं काम केलं, असा अर्थ. एका डावात चार वेळा विचारणा होते, अजून घालतोस का? चौथ्या खेपेपर्यंत बरेच गेलेले असतात.

भारी पानं म्हणजे काय तेही थोडक्यात सांगते. एकाच आकड्याची दोन पानं म्हणजे पेअर. तीन सारखी आली तर त्याहून वर. ओळीनं पाच आली तर ‘स्ट्रेट’, पाचही एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक, तर ‘फ्लश’. तीन सारखी आणि दोन सारखी मिळून ‘फुल हाउस’. चारही सारखी त्याच्या वर, एकाच रंगाची ओळ त्याच्याही वर, आणि एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का मिळाले तर ‘रॉयल फ्लश’, सगळ्यांचा बाप. बावन्न पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे संच होतात. त्यांत रॉयल फ्लश फक्त चार. आणि निम्म्याहून थोड्या जास्त संचांमध्ये साधी पेअरसुद्धा नसते.

खेळणाऱ्यांनी पानांना लाडकी नावं पण ठेवलीत. हातात दोन एक्के आले तर ‘पॉकेट रॉकेट्स’, सरासरी २२१ डावांत एकदा येतात. दोन राजे म्हणजे ‘काउबॉय’, दोन राण्या म्हणजे ‘लेडीज’, दोन अठ्ठे म्हणजे ‘स्नोमेन’, कारण आठचा आकडा बर्फाच्या बाहुल्यासारखा दिसतो. दोन एक्के आणि दोन अठ्ठे, तेही काळ्या रंगाचे, याला ‘मेलेल्या माणसाचा हात’ म्हणतात. १८७६ साली अमेरिकेतल्या डेडवुड गावात वाइल्ड बिल हिकॉक नावाच्या माणसाला पोकर खेळता खेळता मागून गोळी घातली, तेव्हा त्याच्या हातात हीच पानं होती असं सांगतात.

‘ब्लफ’ समजायला मात्र अमेरिकेला जायला नको. आपली पोरं ‘चॅलेंज’ खेळतात ना? तीन सत्त्या म्हणून भलतीच पानं उलटी ठेवायची आणि तोंड सरळ ठेवायचं. ब्लफ तोच. हातात काही नसताना मोठी रक्कम लावायची, म्हणजे बाकीचे घाबरून फोल्ड करतात. सगळ्यांनी डाव सोडला तर जिंकणाऱ्याला पानं दाखवावीही लागत नाहीत. आपण कशाला घाबरलो ते हरलेल्याला कधीच कळत नाही. ते तोंड सरळ ठेवणं म्हणजे ‘पोकर फेस’, आणि चेहऱ्यावरून, हाताच्या थरथरीवरून फुटणारी खूण म्हणजे ‘टेल’. फोनवर हे दोन्ही शब्द जवळजवळ निकामी. समोर चेहराच नसतो.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येते. ‘ऑल-इन’ म्हणजे आपल्या पुढ्यातला सगळा ढीग एका डावात लावणं. ऐकायला भयंकर, पण पोकरचा एक जुना नियम आहे की डाव चालू असताना पुढ्यात जेवढे आहेत तेवढेच लावता येतात. खिशात हात घालता येत नाही, शेत-दागिने मध्ये आणता येत नाहीत. सिनेमात दाखवतात तसं घराचे कागद टेबलावर फेकणं खऱ्या टेबलावर चालत नाही. म्हणजे ऑल-इन गेला तर पुढ्यातले जातात, बस.

घाबरायचे शब्द वेगळेच आहेत, आणि ते कानाला अगदी मऊ लागतात.

पहिला ‘रिबाय’. खेळायला बसताना जी रक्कम भरतात ती ‘बाय-इन’. ती संपली की पुन्हा भरायची, तो रिबाय. ऑल-इनला जी भिंत होती ती इथं पडते. फोनवर तर अंगठ्याचं काम. भरलेल्या पैशांच्या ‘चिप्स’ होतात, रंगीत चकत्या. चकती गेली की नोट गेल्यासारखं वाटत नाही, त्यासाठीच ती असते. पासबुकात ‘पोकर’ असं लिहून येत नाही. कुठलंसं अनोळखी नाव येतं, आणि त्यापुढं ५००, ५००, १०००, पुन्हा ५००, सगळं एकाच रात्रीत. या नोंदी म्हणजे रिबाय.

दुसरा ‘रेक’. टेबल चालवणारा प्रत्येक पॉटमधून आपला वाटा काढून घेतो, तो रेक. आपण हिशेबाच्या बायका, तर हिशेब करून बघू. सहा जणींनी ५०० प्रमाणे ३,००० रुपये आणले. सरासरी पॉट २०० चा धरा आणि रेक शेकडा ५. प्रत्येक डावात १० रुपये गेले. शंभर डाव झाले की १,००० रुपये गायब. त्या सहा जणी आपापसांतच खेळल्या, तरी मिळून त्यांच्याकडे आता २,००० च उरले. घरात पत्ते पिसून वाटून तासाला पंचवीस-तीस डाव होतात, फोनवर त्याच्या दुप्पट तरी. आपल्या बचत गटात व्याज भरलं तरी ते गटातच फिरतं, वर्षाअखेरी वाटून घेतो. रेक परत येत नाही.

तिसरा शब्द ‘टिल्ट’. काचेखाली लोखंडी गोळी फिरवायचं एक जुनं यंत्र असायचं, पिनबॉल. खेळणाऱ्यानं रागानं ते हलवलं की यंत्र ‘टिल्ट’ अशी पाटी दाखवून बंद पडायचं. पोकरमध्ये हरल्यावर डोकं फिरून वेडंवाकडं खेळत सुटणं म्हणजे टिल्ट. यंत्र बंद तरी पडायचं. माणूस टिल्टवर गेला की रिबाय करतो.

त्याच्या जोडीला ‘पॉट कमिटेड’. आत इतके घातलेत की आता मागं फिरता येत नाही. बोअर मारताना तीनशे फुटांवर फुफाटाच निघतो तेव्हा आपले कारभारी काय म्हणतात? “एवढं गेलोय, आता अजून शंभर.” तेच हे. घातलेले पैसे तर गेलेलेच असतात. समजा हातातली आणि मधली मिळून चार पानं बदामची झाली आणि पाचव्या बदामची वाट बघत एकच पान उघडायचं राहिलं. ते बदाम यायची शक्यता पाचात एक. पाचांतल्या चार वेळा येत नाही. आधी किती घातले याचा त्या पानाला पत्ता नसतो.

आणि ‘फिश’. नवशिक्या, हमखास हरणारा खेळाडू म्हणजे मासा. मुरलेले खेळाडू मासे शोधूनच टेबल निवडतात. हे तोंडावर कुणी म्हणत नाही.

पोकर नुसतं नशीब आहे असंही मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. हिशेब पक्का असलेला, फोल्ड करायला न लाजणारा माणूस लांबच्या पल्ल्यात पुढं राहू शकतो. पण त्याचे पैसे दुसऱ्याच्याच खिशातून येतात, आणि रेकही भरून काढावा लागतो. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस इंटरनेटवरच्या एका छोट्या स्पर्धेतून थेट लास व्हेगसच्या मोठ्या स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. आडनाव खरंच मनीमेकर. त्या वर्षी ८३९ जण खेळले होते. दोन वर्षांत तो आकडा ५,६१९ वर गेला. प्रत्येकाला पुढचा मनीमेकर व्हायचं होतं.

कायद्याचं थोडं. आपल्या राज्यात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासूनचा आहे, वस्तीवर तीन पानीवर धाडी पडतात त्या त्याखालीच. फोनवरच्या पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. म्हणून पोराला पोलीस नेतील या भीतीनं गप्प बसू नका. बंदीनंतर कुणी लिंक पाठवून खेळायला बोलावत असेल, तर तिथं अडकलेल्या पैशांची दाद मागायची कुणाकडे हाही प्रश्न आहे. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. पोराची झोप उडाली, जेवण तुटलं, जिवाचं काही बोलायला लागला, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फोन फुकट आहे.

त्या बाईला मी एवढंच सांगितलं की, “हरलास का?” असं विचारू नको. त्यावर ‘नाही’ हेच उत्तर येतं, किंवा नशीब कसं फिरलं त्याची लांबलचक गोष्ट. त्या गोष्टीलाही नाव आहे, ‘बॅड बीट’. त्याऐवजी पासबुक पुढ्यात ठेव आणि विचार, “काल बाय-इन कितीचा होता, आणि रिबाय किती झाले?”

परवा ती पुन्हा भेटली. पोरगा म्हणे आधी तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. “आई, तुला हे कुणी शिकवलं?” मग कागद-पेन्सिल घेऊन दोघं बसले. बेरीज अजून पुरी झालेली नाही, दोन महिने राहिलेत. बाकीचं ती सांगेल तेव्हा. तुमच्या घरात असा एखादा न कळणारा शब्द ऐकू आला, तर गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि आमच्याकडे पाठवा. नमस्कार.