तीन रात्री

चुसनी सोडवायला मालीशवाल्या अम्माला बोलावलं, की ती आधी खालच्या मजल्यावर जाते, असं मैत्रीण म्हणाली. बाळ वर आणि ही खाली कशाला? ते बघायलाच मी जबलपूरच्या कमानिया गेटजवळच्या त्या गल्लीत गेले.

1939च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून बांधलेलं हे गेट आता सराफ्याच्या गर्दीत उभं आहे. मागच्या घरांना भिंती सामाईक. एका घरची फोडणी दुसऱ्या घरात ठसका आणते. अम्मानं खालची कडी वाजवली. "तीन रात रोएगी, सह लेना." सकाळी भट्टीवर बसायचं असलेला कारागीर कुरकुरला. "तीन ही रात," अम्मा म्हणाली. त्यानं मान डोलावल्यावरच ती जिना चढली.

मुलगी दोन वर्षांची. फ्रॉकला पिनेनं टाचलेली चुसनी. तिला उचलून घेतलं तेव्हा मला लाळेचा आणि रबराचा आंबूस वास आला. घरी आल्यावरही तो माझ्या ओढणीला होता. झोपेत चुसनी तोंडात असणं पहिल्या वर्षात तान्ह्याला उपकारक ठरू शकतं, हे खरं. पण नंतर ती कानाच्या दुखण्यांना हातभार लावते आणि पुढचे दात मिटताना भिडेनासे होतात. सवय वेळीच सुटली तर ती फट बहुधा आपोआप भरते.

दिवस गच्चीवर, खाऊवर निभावला. आई चुसनीचं टोक कातरायला निघाली, तर अम्मानं कात्री काढून घेतली. तुकडा सुटून घशात गेला म्हणजे? कडू काही चोपडायलाही तिनं नकार दिला.

रात्री रडणं चढत गेलं. अम्मा नुसती पाठ थोपटत होती. ना गाणं, ना गोष्ट. बापाचा हात चुसनी ठेवलेल्या फडताळाकडे गेला. "दी, तो यह रात गिनती में नहीं," ती न वळता म्हणाली. हात मागे आला.

'रडू द्या' असं छापील सल्ल्यांत सहज लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्यांच्या भिंती स्वतंत्र असाव्यात. या घरात चुसनी आलीच मुळी शेजाऱ्यांसाठी: तान्ही रडली की भिंतीवर थाप पडायची. इतके दिवस ज्यांची झोप राखली, त्यांनी आता थोडी द्यावी, हा अम्माचा हिशेब मला कुठल्याही तक्त्यापेक्षा पटला.

दुसऱ्या रात्री मी नव्हते. बापानं चोरून चुसनी दिली, असं मैत्रिणीकडून कळलं. चौथ्या रात्रीही रडणं ऐकल्यावर कारागिरानं अम्माला जिन्यात गाठलं. तीन म्हणाली होतीस ना?

"तीन ही हैं. एक इसके बाप ने खाई है, उससे वसूल करो."

तो खरोखरच वर गेला.