चाळीस जणांच्या ऑफिसातले एकवीस

१३,४९४ जणांना प्रश्नावली पाठवली, ९,५०८ जणांनी भरून दिली. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांचा अमेरिकेतल्या सॅन डिएगोमधला हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न बालपणाचे होते: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड, असे एकूण सात प्रकार. त्यांतला एक तरी भोगलेले निघाले ५२ टक्के, चार किंवा जास्त भोगलेले ६.२ टक्के. बरं, ही मंडळी बहुतेक शिकलेली, आरोग्यविमा असलेली, पन्नाशी ओलांडलेली. एकही प्रकार न भोगलेल्यांत आत्महत्येचा प्रयत्न केलेले १.२ टक्के होते. चार किंवा जास्तवाल्यांत १८.३.

आपल्याकडे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अहवाल काढला. महाराष्ट्र आणि गोवा त्यात होते. ६९ टक्के मुलांनी मारहाण सोसली होती. ती मुलं आता नोकरीला लागली आहेत. काही तर साहेबही झाली असतील.

चाळीस जणांचं ऑफिस घ्या. अमेरिकेतलं प्रमाण इथे जसंच्या तसं बसणार नाही, पण नुसता अदमास म्हणून ५२ टक्के धरले तरी एकवीस जण होतात. ते कोण, हे शोधायला जाऊ नये. असे प्रकार मोजून एकेका माणसाचं भाकीत करू नका, असं खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये बजावलं आहे. रक्त काढताना नर्स पेशंट कोणीही असो, हातमोजे घालते, तसंच हे. साहेबांनी वागण्याचा नियम सगळ्यांसाठी सरसकट हवा.

शुक्रवारी संध्याकाळी साहेबांचा मेसेज येतो: ‘सोमवारी केबिनमध्ये भेटा.’ बस्स, एवढाच. मार खात वाढलेल्या माणसाचे दोन दिवस त्यातच जातात. ‘सोमवारी भेटा, वाहतुकीच्या बिलाचं बघायचंय, काळजीचं काही नाही’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? चारचौघांत झापणं बंद, बदलीची कुणकुण चहावाल्याआधी ज्याची बदली त्याला. माझ्या मते करुणा म्हणतात ती मुख्यतः हीच; खांद्यावर हात ठेवून ‘काही त्रास आहे का’ विचारणं त्यानंतरचं.

अर्थात साहेबांनी समुपदेशक व्हायला जाऊ नये, मदतीची वाट मात्र दाखवावी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक उपचारांविना आढळले. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन २०२२ पासून आहे, फोन फुकट लागतो. नोटीस बोर्डावर सुट्ट्यांच्या यादीशेजारी तो नंबर लावता येईल: १४४१६.